डावी गाठ

पाणी यायच्या दिवशीच अप्पांचा उजवा हात गेला.
साखर पेठेतल्या आमच्या बोळात
नळ सुटतो पहाटे तीनला, पाच दिवसांतून एकदा.
आई सिव्हिलमध्ये, म्हणून पिंपं मी भरली,
आणि नळाच्या आवाजात रडूनही घेतलं.

तीस वर्षं टॉवेलच्या मागावर
मल्लेशम इरेशमनं तुटला धागा असा जोडला
की कापडालाही कळलं नाही.
आता त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते.
ते पत्र्याकडे बघत तेलुगूत काही बोलतात,
अर्धं ओठातच लटपटतं.

मेमधल्या एका दुपारी, पत्रा तडतडत असताना,
त्यांनी आईच्या सुपातला दोरा उचलला.
एक टोक दातात, दुसरं डाव्या बोटांत.
सुटला.
पुन्हा सुटला.
"हट्" म्हणाले, आणि चहा मागितला.

आता आई विड्या वळते, कट्टे अप्पा बांधतात.
पंचवीसचा एक.
पहिल्या आठवड्यात कारखान्यातला तपासनीस म्हणाला,
"सैल आहेत, कुणी बांधलेत?"
आई म्हणाली, "नवीन पोरगं ठेवलंय."
घरी येऊन सांगितलं, तेव्हा अप्पा
तोंडाच्या एकाच बाजूनं हसले,
दुसरी बाजू नुसती बघत राहिली.

कुणी विचारतं, "हात कसा आहे?"
ते विचारतात, "कुठला?"

काल पहाटे पाईप त्यांनीच धरला.
"नी पडुको," म्हणाले. झोप तू.
मी पडून राहिले, पिंप भरत आल्याचा
बदलत जाणारा आवाज ऐकत.
थोडं सांडलं. सांडू दिलं.