लाली, खवले, जाडी

काळ्या कुड्याची पानं मी गगनबावड्याच्या घाटातून आणली.
एक फांदी वाळवून कागदावर चिकटवली,
तिला नंबर मिळाला. उरलेली पानं
खोबरेलात बुडवून बरणी गच्चीवर उन्हाला ठेवली.
तिसऱ्या दिवशी तेल जांभळं झालं.
दस्तगीरमामा म्हणाले, शाई झाली की वो मॅडम,
आता थिसिस ह्यानंच लिवा.

प्राणीगृहात चोवीस पांढरे उंदीर.
मामा शिकलगार. आजा-बाप सुऱ्या-कात्र्यांना धार लावत
गल्लोगल्ली हिंडलेले,
म्हणून असेल, ट्रिमर धरला की मामांचा हात हलत नाही.
पाठीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा
गुलाबी, उघडी. तिथं मी रोज
साडेबासष्ट मिलिग्रॅम मलम लावते.
हे मलम बरं करत नाही.
हे आजार आणतं.
आधी सोरायसिस तयार करायचा, मग त्यावर औषध.
आपण आधी आग लावतो आणि मग बंब बोलावतो,
हे मी मामांना सांगितलं नाही, त्यांना ते दिसतच होतं.

सहा निरोगी. सहांना बाजारातलं औषध. सहांना कुडा.
आणि सहांना नुसतं खोबरेल.
ह्या सहांनी काय केलंय?
तुलनेसाठी असतात, मामा.
मामांनी पाण्याची बाटली पिंजऱ्याला अडकवली.
मी बी होतो तसा. थोरला शाळंत, मी घरात.
शाळंनं काय फरक पडतो, ते समद्यांनी बघितलं.

रोज सकाळी मार्क द्यायचे, शून्य ते चार.
लाली किती, खवले किती, जाडी किती.
पाचव्या दिवसापासून डोळे थांबेनात.
रंकाळ्यावरचा मावळता सूर्य, लाली तीन.
उद्यमनगरातल्या पत्र्याचा गंज, खवले चार.
आणि एका दुपारी, मामा पिंजरे घासताना
बाही वर सरकली,
माझ्या तोंडून निघून गेलं,
दोन, तीन, तीन.

भर मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट का,
हे मी वर्षभरात विचारलं नव्हतं.
मामांनी कोपर वळवून स्वतःच बघितलं.
बारापैकी आठ. म्हंजे पास का नापास?
एकवीस वर्षं झाली म्हणाले. पाहुण्यांकडं जेवायला बसलो की
शेजारची माणसं जरा सरकतात.
मग बरणीकडं बघून, हळू,
हे माणसास्नी कधी?
मी म्हणाले, परवानग्या, चाचण्या, दहाएक वर्षं.
आणि मामा, उंदराची कातडी पातळ असते,
त्याला गुण आला म्हणजे तुम्हाला येईलच असं नाही.
तवर मी रिटायर, म्हणाले. पिंजऱ्यावर टिचकी मारली.
ह्यांचा नंबर पहिला. बरोबर हाय.

आठव्या दिवशी कातडीचे तुकडे लागतात,
प्लीहेचं वजन लागतं.
त्या सकाळी मामा चहाला गेले
ते दोन तास आले नाहीत.

काचपट्टीखाली, नुसत्या खोबरेलवाल्यांची त्वचा
वडाच्या पारंब्यांसारखी खाली खाली उतरलेली.
कुड्याच्या गटात पारंब्या आखडल्या होत्या.
बाजारातल्या औषधाइतक्या नाहीत.
पण होत्या. मी तीनदा मोजलं,
मग एकदा परत, कारण मला ते हवं होतं
आणि हवं असताना मोजलेल्यावर
माझा विश्वास नाही.

गच्चीवरून बरणी आणायला गेले
तर तेल बोटभर खाली.
तेल उन्हात उडून जात नाही,
पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल.
नोंदवहीत मी लिहिलं, सांडलं.

खाली नळावर मामा रिकामे पिंजरे धूत होते,
एकावर एक चोवीस झाकणं,
बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या.
मी दुसरीकडं बघत पुढं गेले.
बघितलं असतं तर
मार्क दिले असते.