टी फिरव

बाबांना वाचता येत नव्हतं.
सही म्हणजे अंगठा, तोही चुन्याने फुटलेला.
पण दाबोळीच्या पठारावर
हजार फुटांवरून वाचायचं अक्षर
त्यांच्या हातचं होतं:
लाल जांभ्यावर पांढरा लाकडी टी,
माणसापेक्षा लांब.

सकाळी वारा जमिनीचा,
टीची आडवी दांडी उगवतीला.
अकराच्या सुमारास समुद्र चढला
की शाबलो आणि कुट्टप्पन
दोन टोकांना धरून तो मावळतीकडे वळवत,
आजाऱ्याची कूस बदलावी तसा, न बोलता.
आडव्या दांडीकडे तोंड करून उतरायचं.
बस्स. बाकी आकाश त्यांचं.

शेजारी चौकोन.
लालावर पिवळी फुली: उतरू नका.
पिवळी एकच तिरकी पट्टी: उतरा, पण जपून.
एकदा फुलीच्या मधोमध
कुणाची बकरी रवंथ करत बसली
आणि वरून वायरलेसवर प्रश्न आला,
तपकिरी ठिपक्याचा अर्थ काय?
हे बाबा मरेपर्यंत सांगत.
एरवी बोलणं कमीच.

आईशी बिनसलं तर
उंबऱ्यावर लाल गोणपाट,
त्यावर हळद फासलेल्या दोन काठ्या, फुलीत.
आम्ही मुलं मागच्या दाराने जायचो.
आई दुपारपर्यंत बघायची,
मग त्यातली एक काठी उचलून
चुलीत सारायची
आणि दुसरीला ओलांडून
ताट घेऊन आत.

पुढे टॉवर उंच झाला, आवाज स्वच्छ झाले.
चौकोनात लाजाळू माजली.
टीच्या फळ्या कुणी नेल्या, कळलं नाही.
कुट्टप्पन निवृत्त होऊन पालघाटला गेला,
दोन पत्रं आली, मीच वाचून दाखवली.

शेवटी डोळे गेले.
वारा तेवढा
कानामागच्या घामावर ओळखायचे.
एप्रिल होता, अंगणात सोलं वाळत होती.
खिडकीचा पडदा जरा आत आला
आणि ते म्हणाले, टी फिरव.

मी बाहेर गेलो.
नाही म्हणायला
भात पसरायचं दाताळं पडलं होतं,
लांब दांडा, टोकाला आडवी फळी.
ते उचललं,
फळी समुद्राकडे करून ठेवलं,
उगाच पायाने सरळही केलं.

फिरवला?
फिरवला.
उलट तर नाही ना ठेवलास?
नाही, बाबा.

मग हाताने खाटेची कड चाचपत
त्यांनी सावकाश कूस बदलली,
मावळतीच्या भिंतीकडे
तोंड करून.