ऐंशी

दार नीट धरा, बाई. वारा बिजागरीसकट नेतो इथे.
गाडी वळणावरच दिसली होती मला,
पुढून डावीकडे कललेली,
एक बूट हरवलेल्या माणसासारखी येत होती.

बसा. भोपळ्यातला माते घ्या, कडू आहे.
कुत्री चावत नाही. तुएर्का तिचं नाव,
आमच्या भाषेत नट.
लहान होती तेव्हा तशीच हरवायची, कपाटाखाली.

आता सांगा, हे चाक कधी बसवलंत?
मंगळवारी.
कुठल्या मंगळवारी?

हं.

हा पिवळा कागद वाचलात? धुळीखाली आहे,
अंगठ्यानं पुसा. ऐंशी.
ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही,
आणि एकूणही जेमतेम तेवढंच जायचं,
टायरचं दुकान येईतो.
माझं सोडलं तर पुढचं दुकान एकशे नव्वदावर.
ज्यानं हा कागद छापला
त्याला पातागोनिया कुणी दाखवली नसावी.
तरी कागद खरा आहे, बाई.
हे चाक धावायला नसतं. पोचवायला असतं.

याच्या पोटात साठ पौंड हवा लागते.
तुमच्यात अठ्ठावीस.
डिकीत वर्षानुवर्षं पडून होतं बिचारं,
जेवलास का म्हणून कुणी विचारलं नाही.

आणि पुढे बसवलंत.
पुढचं बसलं, पुढे लावलं, सगळे तेच करतात,
दुखेल तिथे पट्टी.
पण ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते.
एक मोठं, एक बुटकं:
आत दात्यांची दिवसभर भांडणं.
मागचं धड चाक काढून पुढे आणायचं,
हे पोर मागे न्यायचं.
दोनदा जॅक, दोनदा घाम.
हो, वाऱ्यात, खडीवर, एकटीनं. माहीत आहे मला.
जॅकखाली फळी तरी ठेवलीत ना?
काय? नकाशांचं पुस्तक?
बरं, पुठ्ठा जाड होता म्हणायचा.

नटही गोलात आवळलेत, फेर धरल्यासारखे.
समोरासमोरचे आवळायचे,
एक इकडचा, मग त्याच्या पलीकडचा,
आणि शेवटची पिळी चाक जमिनीला टेकल्यावर.

शाळेचे अकरा दिवस, रोज जाऊन येऊन बावन्न.
पाचशे बहात्तर.
मी ओरडत नाही, वाऱ्यात आवाज असाच लागतो.
पगार झाला नव्हता, म्हणता.
बदलीच्या बाईचा पगार उशिरा येतो.
किती दिवसांसाठी आला होतात?
एका बाळंतपणाच्या रजेपुरत्या.
मग ते मूल आता कितवीत?

तुमच्याच वर्गात.

नाही, हसत नाही.
मी चिलोए बेटावरून आलो एका हंगामापुरता,
मेंढ्यांची लोकर कातरायला, पिशवीत दोन सदरे.
त्यातला एक अजून आहे, ग्रीस पुसायला.
पण माणसाचं वेगळं. माणूस झिजतो तिथे घट्टाही धरतो.
रबर नुसतं झिजतं.

झालं तुमचं. खिळा होता, घोड्याच्या नालेचा.
हे छोटं आता डिकीत टाकू नका, संपलं ते,
राहू दे इथे, फाटकाला टेकू लागतो.
त्याच मापाचं एक आहे भंगारातल्या गाडीचं,
चारच वर्षांचं, कडेची तारीख पाहिली मी.
साठ भरतो. महिन्यातून एकदा बघत जा.
उसनं देतोय.
हो, हो. तात्पुरतं.

उद्या शाळेतून येताना थांबा,
पन्नासेक किलोमीटर झाले की नट परत आवळायचे असतात.
पैसे पगार झाल्यावर. वहीत लिहितो.
नोएमी काय? आडनाव सांगा,
दोन नोएमी आहेत माझ्याकडे, दोघींकडे बाकी आहे.
कार्कामो. बरं.

दार, बाई. दार!