ओल

बास्केटखाली, रेषेच्या बाहेर,
उलट्या बादलीवर मी बसायचे.
वय वर्षं नऊ. हातात लांब दांड्याचं फडकं.
काम एवढंच : कुणी पडलं की धावायचं,
घाम पुसायचा,
शिट्टीच्या आत परत यायचं.
मोबदला, एक खसखशीचा रोल आणि सामना फुकट.

त्या हिवाळ्यात ऑड्रिया पेटिग्रू आली.
आर्कान्सातल्या हेलेना गावची.
तिकडेही नदी होती म्हणे,
पण आमच्या वाहसारखी थंड नाही, रुंद आणि मातकट.
मायदेशीच्या लीगनं शिबिरातून अकराव्या दिवशी
तिला घरी पाठवलं होतं.
नाही म्हणताना प्रशिक्षकानं तिचा हात
दोन्ही हातांत धरला होता.
मग एजंट, मग विमान, मग आमची कागदगिरणी,
जिचं नाव तिच्या छातीवर होतं
आणि जिचा उकडल्या कोबीसारखा वास
पहिला महिनाभर तिच्या ताटात उतरायचा.

ती फार पडायची.
ठरवून पडायची.
धावत येणारीच्या वाटेत पाय रोवून उभी,
मग धाडकन् पाठीवर.
"कुस्तीत पाठ लागली की संपलं," ती म्हणायची
मोडक्यातोडक्या स्लोव्हाकमध्ये, उठता उठता,
"इथं पाठ लागली की चेंडू आपला."

तिच्या घामाला आकार असायचा :
दोन खांदे, खाली माकडहाड,
मधे कण्याची कोरडी पट्टी.
मी त्याच क्रमानं पुसायचे.
अमकीनं घाम गाळला, असं लोक सहज म्हणतात.
म्हणू देत.
मी तो पिळलाय.

पाचव्या मोसमात ती
कुणीही न धडकता पडली.
मोकळ्या मैदानात, एकटीच,
अंधारात पायरी चुकावी तशी.
मी धावले.
"थांब बिबियाना," ती म्हणाली, "इथं काही ओलं नाही."
खरंच नव्हतं.

गुडघा शिवून झाल्यावर दोन वर्षं तुर्कस्तानात.
पगार दुप्पट,
त्यातल्या चार महिन्यांचा अजून यायचाय.
एकदा त्यांच्याकडून आमच्याविरुद्ध खेळायला आली
तेव्हा आमचीच ल्युडमिला तिच्यावर आदळली.
सगळं सभागृह खूश.
मी पुसायला गेले आणि पुसतच राहिले.
पंचांनी शेवटी शिट्टी वाजवली, माझ्यासाठी.

परत आली तेव्हा जर्सीवर गिरणी नव्हती,
टायरवाला होता.
तेहतीस मिनिटं खेळणारी एकोणीसवर आली,
मग सातवर.
बादलीवर बसायला मी आता फार मोठी दिसायचे,
तरी जायचे.
तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी,
आणि ओल आता मैदानात नाही,
बाकाखाली.
नुसतं पाणी. तेही मीच पुसायचे.

शेवटचा सामना मार्चमधला, तळाच्या संघाशी.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं.
अध्यक्षांनी सवयीनं तिला पेटिग्रूओव्हा म्हटलं
आणि ती पहिल्यांदाच हसली नाही,
मान तेवढी हलवली,
जणू अकरा वर्षांत तेही आपलंच नाव झालं असावं.

आता हेलेनात शाळेची बस चालवते.
पगार वेळेवर होतो, असं लिहिते.
आणि ब्रेकवरचा गुडघा
पाऊस यायच्या आदल्या दिवशीच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात सभागृहाची लाकडी जमीन उखडली.
फळ्या विकायला काढल्या, दोन युरोला एक.
डाव्या कोपऱ्यातल्या कुठल्या, ते मला ठाऊक होतं.
उन्हात धरून पाहिल्या. हुंगून पाहिल्या,
कुणी बघत नाहीसं पाहून.
काही नव्हतं.
माझं काम मी फारच नीट केलं होतं.

तरी एक घेतली.
स्वयंपाकघरात खिडकीशी ठोकलीय.
तिच्यावर ओले पेले ठेवते
आणि पुसत नाही.