आत ओढलेला हो

चोवीस वर्षं मी या शाळेत आहे.
पोरं वाढतात, मी बटाटे वाढते.
गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि जाम लावलेलं धिरडं.
काउंटरपलीकडून मुलांच्या तोंडचे शब्द येतात,
ते मात्र रोज ताजे.

तर ऑगस्टात नव्या बाई आल्या, थेट माल्मोहून.
माल्मो म्हणजे आम्हा उत्तरेकडच्यांना जवळजवळ परदेशच.
नाव मालिन. 'र' असा घशात घोळवायच्या
की गरम बटाटा गिळायचा राहिलाय जणू.
पहिल्याच दिवशी हजेरी.
"एलोफ लुंडमार्क?"
एलोफने ओठांचा चंबू केला
आणि हवा आत ओढली: श्शुप्.
बाईंनी मान वर केली. "एलोफ?"
श्शुप्.
"इडून?" श्शुप्. "सिग्ने?" श्शुप्.
बाईंनी उठून खिडकी लावून घेतली.
वाटलं, फटीतून वारा येतोय.

आता तुम्हीच सांगा,
'हो' म्हणायला अख्खा शब्द कशाला लागतो?
उणे तीसमध्ये तोंड उघडलं की दात गारठतात.
म्हणून (असं माझे वडील सांगायचे, खरंखोटं देव जाणे)
आमच्या पणज्यांनी हो कधी बाहेर टाकलाच नाही.
आतच ठेवला, सरपणासारखा, जपून.

त्या दिवशी पटावर सात जण गैरहजर.
सातही समोर बसलेले,
आणि साडेअकराला माझ्यापुढे रांगेत, ताटं घेऊन.
बाईंनी घरोघर फोन लावले.
"आपण एलोफच्या आई ना?"
श्शुप्.
"हॅलो? हॅलो? लाइन तुटतेय वाटतं!"
श्शुप्, म्हणाल्या एलोफच्या आई, अगदी मनापासून.

मग बाई माझ्याकडे आल्या, रडवेल्या.
"गुनवोर, ही मुलं हूं नाहीत की चूं नाहीत.
घुमी आहेत का हो इथली माणसं?"
माझ्या तोंडून निघून गेलं...
म्हणजे निघालं नाही, आत गेलं.
बाईंनी धावत जाऊन पाणी आणलं
आणि विचारलं, दमा कधीपासून आहे?

शेवटी उलगडा केला अमानुएलने.
चार वर्षांपूर्वी अस्माराहून आलेला पोरगा,
स्वीडिशमध्ये अजून अडखळतो,
पण श्शुप् साऱ्या वर्गात त्याचंच चोख.
"बाई, ते 'हो' म्हणतायत.
माझी आजीपण हो आतच घेते,
फक्त ती तोंड उघडं ठेवते, दचकल्यासारखं.
इथे आल्यावर मला हे एकच आधीपासून येत होतं.
ओठ असे करा. समजा, सूप गरम आहे
आणि तुम्हाला थांबवत नाहीये."
बाईंनी केलं. उचकी लागली.
पुन्हा केलं. शिट्टी वाजली.
वर्ग बाकांखाली लोळत होता.

दिवाणघेवाण तेव्हापासून सुरू.
मुलांनी बाईंकडून 'रुल्लेबोर' उचलला.
दक्षिणेत म्हणे हातगाडीला म्हणतात.
आमच्याकडे हातगाडी एकच, शिपाई स्तुरेची,
पण शब्दच असा गोल, गडगडणारा,
की बर्फात कोणी घसरलं तरी रुल्लेबोर,
भागाकार चुकला तरी रुल्लेबोर.
काल सिग्नेने माझ्या मासळीच्या वड्यांकडे बघून
हळूच म्हटलं, रुल्लेबोर.
मी ऐकलंच नाही.
तिला एक वडी कमी गेली, तो योगायोग.

आज दुपारी बाई आईशी फोनवर बोलत होत्या.
तीन वाजलेले, बाहेर मिट्ट डिसेंबर.
"जेवलीस का?" विचारलं असणार आईने,
कारण बाईंनी नकळत ओठांचा चंबू केला.
पलीकडून किंकाळी, मला सिंकपाशी ऐकू आली:
"मालिन! भाजलं का गं कुठे?"

बाईंनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.
"गुनवोर, आता हिला समजावून सांगायचं का?"
मी कप विसळत होते.
श्शुप्, म्हटलं.
उद्या गुरुवार. वाटाणे भिजत घालायचे राहिलेत.