मालीम, रात्रपाळी

मालीमच्या जेटीवर बर्फाचा कारखाना रात्रीचा चालतो.
मी तिथं हिशेब लिहिते:
ट्रॉलरचं नाव, वेळ, लाद्या, सही.
अकरा वर्षं झाली. अमोनियाचा वास
आता माझ्या केसांचाच वाटतो मला.

फेब्रुवारीत, एक वाजून गेल्यावर,
सांताननं मोबाइल वजनकाट्याला टेकवून उभा केला,
म्हणाला, पळय, बर्फ!
आम्ही हसलो. बर्फ काय बघायचा?

तेवढ्यात तो आला.
काळा सदरा, गळ्याशी निळी झाक,
आणि नाव असं की निवेदकसुद्धा
दर वेळी वेगळंच उच्चारायचा.
बुधराम म्हणाला, जाऊ दे, आपला म्हणू.

आमच्या बर्फावर माणूस घसरतो
तेव्हा आधी शिवी ऐकू येते, मग लादी फुटल्याचा आवाज,
मग कुणीतरी रिक्षा शोधायला धावतं.
आपला घसरतच आला, घसरतच वळला,
पाठमोरा झाला तरी वेग तोच,
जणू पाठीला वाट पाठ होती.

सांतान मोठ्यानं मोजायचा: एक, दोन, तीन...
चार म्हणेपर्यंत तो खाली,
एका पायावर, हात पसरून,
कुणाला तरी आधी जाऊ देतोय असा.

मग गिरकी. उभी, मग बसकी,
मग इतकी बारीक की चेहरा पुसून गेला.
शेवंतीमावशी ट्रॉलरची वाट बघत टोपलीवर बसली होती,
चवथीच्या फुगडीत अजून कुणाला न हरलेली.
ती पुढं वाकली:
हा तर दोघींची फुगडी एकटाच घालता.
दुसरे बायलेचे हात खंय?
कुणालाच सांगता आलं नाही.

दोन रात्रींनी मोठी फेरी.
शेवंतीमावशीची ट्रॉलर त्या दिवशी यायचीच नव्हती,
तरी ती आली. सोबत भाची, आणि भाजलेले काजू.
तिसऱ्या उडीला तो पडला.

मुठी मीट! बुधराम ओरडला.
बर्फावर पडल्यावर बोटं पसरायची नसतात,
हे तो इथं पहिल्याच आठवड्यात शिकला,
डाव्या करंगळीचं पेर देऊन.

आपला उठला. कमरेला पांढरा चुरा,
अगदी आमच्या अंगावर असतो तसा.
संगीत थांबलं नव्हतं, त्याला गाठायचं होतं.
क्रशर कुणी बंद केला ठाऊक नाही.
खालून तांडेल हाका मारत होता,
हाका मारतच जिना चढला,
आणि दारात येऊन गप्प झाला.
पुढची उडी त्यानंही पाहिली.
रुझारियो तांडेल, ज्यानं जन्मात
कधी बर्फाचे पैसे वेळेवर दिले नाहीत,
त्यानं टाळी वाजवली.

मग ते गुणांसाठी बाकावर बसणं.
कुणीतरी खांद्यावर जाकीट टाकलं.
तो धापा टाकत होता,
आणि आमच्यातलंही कुणी धड श्वास घेत नव्हतं.
एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक बेचाळीस.
पाचवा.

सांताननं आजोबांच्या ठेवणीतली
एक पोर्तुगीज शिवी काढली.
शेवंतीमावशी काजू पुडीत परत बांधत म्हणाली,
खुर्चीत बसून गुण देतात ते.
त्यांना बर्फातलं काय कळतं?

पहाटे, लाद्या चढवून झाल्यावर,
बुधरामनं ओल्या फरशीवर गमबूट जरा सैल सोडले,
दोन हात लांब घसरला,
मागचा पाय किंचित उचलला.
इकडंतिकडं पाहिलं.
मी वहीत मान घातली.

शनिवारी मालकांनी तीच वही उघडली.
हे काय? लाद्या एकशे सत्त्याऐंशी, समजलं.
पण ही पुढची बेचाळीस शतांश लादी
कुठल्या ट्रॉलरला दिली?

वितळली, म्हटलं.