डावा कान

बर्फामुळे हिऊमा बेटावर फेरी दोन तास उशिरा लागली.
माझा कामाचा तिसरा दिवस. बॅग माझ्याकडे,
औषधाचं माप वाटेतच तीनदा मोजलेलं.

विर्वेने दारातच बूट काढले.
एन्डेल "राहू द्या" म्हणाला, तरी काढले.
आणि पहिलं विचारलं ते वजन नाही:
"कुठला कान खाजवलेला आवडतो त्याला?"
"डावा. उजवा कोल्ह्याने फाडलाय."

पोन्तु चुलीपाशी, जुन्या जाळ्याच्या गुंडाळीवर.
चौदा वर्षांचा. शेपटी एकदाच हलली,
अर्धी.

विर्वे खाली बसली, मग आडवीच झाली फरशीवर,
त्याच्या नाकाशी नाक येईल इतकी.
सुई तिने केव्हाची मुठीत धरली होती.
मला वाटलं, लपवतेय.
ऊब देत होती.

एन्डेल बोलत राहिला. होडी, इंजिन, मासळीचा भाव,
बायको गेली त्या हिवाळ्यात
हा कसा तिच्या सपातांवर निजायचा.
परतीची फेरी चारची.
विर्वेने घड्याळ पाहिलं नाही.
मी पाहिलं.

"आता?"
"आता," तो म्हणाला. आणि लगेच, "थांबा."
ती थांबली.
पातेल्यात थोडा रस्सा उरला होता,
तो त्याने बोटांनी चाटवला.
मग स्वतःच मान हलवली.

स्टेथोस्कोप उचलून विर्वे म्हणाली, "गेला."
एवढंच.
डावा कान मात्र खाजवत राहिली,
एन्डेलचा हात तिथे येईपर्यंत.

फेरी चुकली. रात्री तिथेच, तिघं बटाटे सोलत.
बिलाचं मी हळूच विचारलं, तर म्हणाली,
"बर्फ वितळू दे."